आधीच बधिर पाय आणि किमोचा निर्णय

खोडदच्या शिवारात रात्री पाणी द्यायला उतरणाऱ्या माणसाला पायाखाली काय आहे हे डोळ्यांपेक्षा तळव्यांनी जास्त कळतं. वाफा भरला की नाही, बांध कुठे खचलाय, पायाखाली दगड आहे की ठिबकची नळी, हे बॅटरीच्या उजेडाआधी तळवे सांगतात. द्राक्षाच्या घडांची विरळणी करणारी, टोमॅटोच्या बांधणीत सुतळीची गाठ मारणारी, पहाटे धार काढणारी बोटंही अशीच कामाला लागलेली असतात. जुन्नर-आंबेगावातली शेती स्पर्शावर चालते. म्हणूनच इथल्या एखाद्या माणसाला दहा-बारा वर्षांची शुगर असेल, पायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नसेल, आणि अशात कॅन्सरचं निदान होऊन ‘किमो घ्यावा लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याच्यापुढचा प्रश्न खुर्चीवर बसून काम करणाऱ्यापेक्षा बराच अवघड असतो.

घरात अशा वेळी दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, “आबा, जीव वाचला पाहिजे, पायांचं नंतर बघू.” आबा म्हणतात, “पायच गेले तर वाचून काय करू?” दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही अर्ध्याच माहितीवर बोलताहेत. ‘किमो’ म्हणजे एक औषध नव्हे. त्या नावाखाली डझनावारी औषधं येतात. त्यातली काही मज्जातंतूंना जबर मारतात, काही जवळजवळ हातही लावत नाहीत. तेव्हा कोणतं औषध, कशासाठी, किती डोस, आणि आज या माणसाच्या नसा कोणत्या अवस्थेत आहेत, एवढं समोर ठेवल्याशिवाय हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी नसा बिघडतात कशा ते पाहू. खोडदची जीएमआरटी दुर्बीण इथल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीनं आणि १६ तीन भुजांवर दूरदूर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. प्रत्येक तबकडीचा संदेश तारेतून मधल्या इमारतीत येतो. तार जितकी लांब, तितक्या ती बिघडण्याच्या जागा जास्त. शरीरातही तसंच आहे. तळव्याची जाणीव वाहणाऱ्या पेशीचं मूळ पाठीच्या कण्याशेजारी असतं आणि तिथून निघालेला एकच धागा पायाच्या बोटापर्यंत जातो. त्याची लांबी साधारण एक मीटर. या धाग्याला लागणारा माल कण्याशेजारच्या मुळाशी तयार होतो आणि धाग्याच्या आतल्या सूक्ष्मनलिकांवरून खाली पोचवला जातो, जलद वाहतुकीत दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत. पुरवठा कुठेही अडला की पहिला उपास घडतो तो शेवटच्या टोकाला. म्हणून नसांचा हा बिघाड, म्हणजे न्यूरोपॅथी, बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होते, मोजे घालतो तशी वर सरकते आणि ती गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांत उतरते.

किमोची औषधं नेमकी या व्यवस्थेवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी दुभंगताना तिला याच सूक्ष्मनलिका लागतात. व्हिन्क्रिस्टीन त्या नलिका बनूच देत नाही, पॅक्लिटॅक्सेल त्या गोठवून टाकतं. पेशी मरते, पण मज्जातंतूच्या आतला रस्ताही बंद पडतो. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं त्याहून खोल जातात, कण्याशेजारच्या मूळ पेशीतच साचतात. मेंदूभोवती रक्तातल्या विषांना अडवणारी भक्कम भिंत असते, या पेशींभोवती तशी भिंत नाही. धागा दुखावला तर पुन्हा वाढू शकतो, मूळ पेशीच मेली तर तिचा धागा कायमचा गेला. पॅक्लिटॅक्सेलची बधिरता बऱ्याच जणांची महिन्यांनी उतरते आणि सिस्प्लॅटिनची मागे रेंगाळते, त्याचं मोठं कारण हे.

या औषधांशी महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पॅक्लिटॅक्सेलचा शोध ज्या दोघांच्या नावावर आहे त्यातले एक, डॉ. मनसुख वाणी, १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत पॅसिफिक यू या झाडाच्या सालीवर काम करत राहिले. पॅक्लिटॅक्सेलची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९६६ मध्ये याच गटानं एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं होतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही हेच द्रव्य आहे, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. कॅम्प्टोथेसिनपासून पुढे इरिनोटेकॅन बनलं. इरिनोटेकॅननं जुलाब होतात, कधी भयंकर होतात, पण नसांना ते सहसा धक्का लावत नाही. एकाच गटाच्या शोधांतून पुढे आलेली दोन औषधं, एक बोटं बधिर करणारं आणि एक न करणारं. आतड्याचा कॅन्सर इतरत्र पसरलेला असेल आणि रुग्णाच्या पायांत आधीच न्यूरोपॅथी असेल, तर ऑक्झालिप्लॅटिनऐवजी इरिनोटेकॅननं सुरुवात करणं हा खराखुरा पर्याय आहे. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा येतो. शस्त्रक्रियेनंतर ‘कॅन्सर परत येऊ नये म्हणून’ दिल्या जाणाऱ्या किमोत मात्र इरिनोटेकॅनचा फायदा चाचण्यांत दिसला नाही. तिथे हा बदल चालत नाही.

हा ‘कशासाठी’ सगळ्यात आधी विचारायचा. किमो तीन कारणांसाठी दिला जातो: रोग मुळातून घालवण्यासाठी, शस्त्रक्रियेनंतर तो परतण्याचा धोका कमी करण्यासाठी, किंवा बरा न होणारा रोग आटोक्यात ठेवून आयुष्य आणि आराम वाढवण्यासाठी. नसांची किती किंमत मोजायची हे या कारणावर ठरतं. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीनमुळे माणूस पूर्ण बरा होण्याची आशा असते, तिथे बोटांतल्या मुंग्या बहुतेक जण पत्करतात, आणि तेच योग्य वाटतं. दुसऱ्या प्रकारात हिशेब बारीक होतो. त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरचं आहे.

या रोगात शस्त्रक्रियेनंतर ६ महिने ऑक्झालिप्लॅटिन देण्याची रीत होती. ३ महिने पुरतील का, हे तपासायला वेगवेगळ्या देशांतल्या सहा चाचण्यांची माहिती एकत्र केली गेली. १२,८३४ रुग्ण, निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर रोग न परतलेले रुग्ण ६ महिन्यांच्या गटात १०० मागे ७५.५ आणि ३ महिन्यांच्या गटात ७४.६. म्हणजे फरक शंभरात एका माणसाचाही नाही. नसांचा फरक बघा: कामात अडथळा येईल इतकी न्यूरोपॅथी ६ महिन्यांच्या गटात शंभरात ४५ ते ४८ जणांना झाली, ३ महिन्यांच्या गटात १४ ते १७ जणांना. रोग तुलनेनं कमी धोक्याचा असेल आणि सोबतचं औषध कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असेल, तर ३ महिने पुरतात असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. जास्त धोक्याच्या रोगात ६ महिन्यांचा थोडा फायदा राहतो, विशेषतः सोबतचं औषध सलाईनमधून चालू असेल तेव्हा. ज्याचे पाय आधीच बधिर आहेत त्यानं डॉक्टरांसमोर बसून हेच आकडे मागायचे: “साहेब, शेवटच्या तीन महिन्यांचा मला किती फायदा आणि पायांना किती तोटा?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला डॉक्टर त्याची वाटच पाहत असतो.

ऑक्झालिप्लॅटिनचं आणखी एक विचित्र वागणं इथल्या लोकांनी आधीच माहीत करून घ्यावं. ते दिल्यावर काही दिवस गार वस्तू सोसत नाही. गार पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, थंड घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकतोय असं वाटून माणूस घाबरतो. श्वासाची वाट खरं तर मोकळी असते, जाणिवेतली ही गडबड काही दिवसांत ओसरते. पण डिसेंबर-जानेवारीत जुन्नरची थंडी आणि पहाटेचं टाकीतलं पाणी लक्षात घेता, त्या दिवसांत कोमट पाणी, हातमोजे, कानटोपी ही तयारी हवीच.

ऑक्झालिप्लॅटिन वगळून एकटं कॅपेसिटाबिन दिलं तर नसा बऱ्याच वाचतात. मात्र त्यानं तळहात-तळपायांची कातडी लाल होते, सोलवटते. हा त्रास कातडीचा आहे, नसांचा नव्हे, आणि डोस कमी केला की आवरतो. त्यात बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात. रेशनच्या दुकानातल्या मशीननं अंगठा घेतला नाही तर घाबरून जाऊ नये, डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते.

आता तिसरं कारण. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर आपल्याकडे तंबाखू-मिसरीमुळे घरोघर ऐकू येतो. त्यात वर्षानुवर्षं सिस्प्लॅटिन हेच मुख्य औषध. नसा बिघडलेल्या, कान मंदावलेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर झालेल्या माणसाला ते झेपत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं नेमक्या या प्रश्नावर काम केलं आणि त्याची दखल जगानं घेतली. रोग परतलेल्या किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांत त्यांनी सिस्प्लॅटिनच्या सलाईनची तुलना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांशी केली. निष्कर्ष २०२० मध्ये आले: गोळ्यांच्या गटात निम्मे रुग्ण ७.५ महिन्यांपलीकडे जगले, सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१ महिन्यांपलीकडे. गंभीर त्रास गोळ्यांत १९ टक्के, सिस्प्लॅटिनमध्ये ३० टक्के. सौम्य वाट पत्करली म्हणून आयुष्य कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं, आणि दर तीन आठवड्यांची मुंबई-पुण्याची वारी टळली.

रोग बरा होण्याजोगा आहे, विकिरण द्यायचं आहे, पण सोबत सिस्प्लॅटिन झेपत नाही, अशांसाठीही टाटाची दुसरी चाचणी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं विकिरण आणि निम्म्यांना विकिरणासोबत दर आठवड्याला कमी मात्रेतलं डोसिटॅक्सेल दिलं. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ‘सिस्प्लॅटिन नाही तर काहीच नाही’ असं आता कुणी सांगू शकत नाही. हे संशोधन आपल्याच राज्यातल्या रुग्णालयात, आपल्यासारख्याच रुग्णांवर झालेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि ते तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचावं अशी तळमळही वाटते.

औषध तेच ठेवून पद्धत बदलली तरी नसा वाचू शकतात. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमधलं बोर्टेझोमिब पूर्वी शिरेतून द्यायचे. २०११ मधल्या चाचणीत ते पोटाच्या कातडीखाली दिल्यावर न्यूरोपॅथी ५३ वरून ३८ टक्क्यांवर आली, तीव्र न्यूरोपॅथी १६ वरून ६ टक्क्यांवर, आणि औषधाचा गुण मात्र तसाच राहिला. आठवड्यातून दोनदाऐवजी एकदा दिलं तरी त्रास कमी होतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पॅक्लिटॅक्सेलऐवजी डोसिटॅक्सेल, किंवा दोन्ही टाळून दुसरी जोडणी, याचा विचार होऊ शकतो. तिथे हृदय कसं आहे तेही बघावं लागतं.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र पहिल्या डोसच्या अगोदर व्हायलाच हवं: आज नसा कुठे आहेत हे मोजून फाइलमध्ये लिहून घेणं. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. १० ग्रॅमचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून जाणीव बघायची, सेकंदाला १२८ कंपनांचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का ते विचारायचं, डोळे मिटून उभं करायचं. ही नोंद नसेल तर चौथ्या डोसनंतर ‘हे आधीचं की किमोचं’ हा वाद कधीच मिटत नाही.

आणि जे सुधारता येतं ते सुधारून घ्यायचं. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, बधिर पायांचं सगळ्यात मोठं कारण तोच. पण ‘शुगरचे पाय आहेत’ असं म्हणून थांबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं. शाकाहार, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी, म्हणजे कमतरतेवर कमतरता. बी-१२ ची तपासणी स्वस्त आहे आणि इंजेक्शनही. दारू, थायरॉइड, क्षयाच्या औषधातलं आयसोनियाझिड, जुना कुष्ठरोग, हेही विचारात घ्यावे लागतात. तळव्याची कमान फार उंच, बोटं आकसलेली, घोटा सारखा मुरगळतो, आणि हे वडिलांना, आत्यालाही होतं, असं घराणं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. शार्को-मारी-टूथ नावाच्या आनुवंशिक विकारात व्हिन्क्रिस्टीनच्या एक-दोन डोसनंतरही हातापायांतली ताकद जाऊ शकते.

शुगर खाली आणायची ती बेतानं. धसका घेऊन महिन्याभरात धाडकन खाली आणली तर त्यानंही पायांची आग भडकू शकते. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी स्टेरॉइड देतात, त्यानं शुगर चढते, म्हणून त्या दिवसांत ती जास्त वेळा तपासायची.

मेडिकलमधून ‘नसांच्या गोळ्या’ आणण्याची आपली सवय इथे अंगाशी येते. बी-६ जास्त मात्रेत, लांबकाळ घेतलं तर तेच न्यूरोपॅथी करतं. असेटिल-एल-कार्निटीन नावाचं पूरक नसा वाचवेल म्हणून अमेरिकेत टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेलच्या गटातली औषधं) घेणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहिलं. २०१३ मध्ये निकाल आला, तो उलटा: ते घेणाऱ्यांची बधिरता वाढली. किमोची न्यूरोपॅथी टाळणारी एकही गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. झालेल्या वेदनेवर ड्युलोक्सेटीनचा उपयोग दिसला आहे. किमो चालू असताना बर्फाचे हातमोजे-पायमोजे घालण्याच्या पद्धतीबद्दल आशा आहे, पण ज्याला आधीच गार-गरम कळत नाही त्याची कातडी त्यानं भाजू शकते, आणि ऑक्झालिप्लॅटिनसोबत तर हा प्रकार सहन होणारच नाही.

किमो सुरू झाल्यावर सगळ्यात मोठा घोळ रुग्णाच्या बाजूनं होतो: मुंग्या वाढल्या तरी तो बोलत नाही. डॉक्टर औषध बंद करतील आणि मग कॅन्सर वाढेल, ही भीती असते. वास्तविक एखादा डोस पुढे ढकलणं, मात्रा कमी करणं, औषध बदलणं या नेहमीच्या गोष्टी आहेत आणि त्या वेळेत झाल्या तरच नसा वाचतात. डॉक्टर त्रासाची पायरी ठरवतात ती स्वयंपाक, बाजारहाट, फोन लावणं जमतं का, आणि त्यापुढे आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः होतं का, यावरून. विरळणीची कात्री किंवा म्हशीची धार त्या यादीत नाही. तेव्हा ते आपणच सांगायचं. ‘ठीक आहे’ म्हणण्यापेक्षा ‘गेल्या डोसनंतर कात्री बोटांतून सुटते, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो’ हे वाक्य डॉक्टरांच्या हातात मोजमाप देतं. अमेरिकेतल्या ५१२ स्त्रियांच्या अभ्यासात किमोनंतर सरासरी सहा वर्षांनीही ४७ टक्के जणींना ही लक्षणं होती आणि त्यांच्यात पडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. पडणं म्हणजे खुब्याचं हाड, म्हणजे अंथरूण.

शेवटचा डोस झाला म्हणजे नसांचा त्रास तिथेच थांबला असंही नाही. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन बंद केल्यावर दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, बधिरता वाढत जाते. त्यामुळे डोस थांबवायचा तो सहन होईनासं झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी. दुखावलेला धागा भरून निघतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटरच्या वेगानं. घोट्यापासून बोटांपर्यंतचं २० सेंटिमीटर अंतर गाठायला त्याला सहा-सात महिने लागतात, मधुमेह असेल तर जास्तच. तेवढा काळ रोज संध्याकाळी पाय पुसून तळवे आरशात बघायचे, आंघोळीचं पाणी कोपरानं पारखायचं, घरातही चप्पल घालायची, आणि तीन महिन्यांनी तो दोरा-चिमट्याचा तपास पुन्हा करून पहिल्या नोंदीशेजारी लिहून घ्यायचा.